सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय

सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय (प्रचलित नाव: जे.जे. रुग्णालय) हे मुंबईतील भायखळा भागातील महाराष्ट्र शासनाचे सार्वजनिक रुग्णालय आहे. १८४५ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय ग्रँट शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे अध्यापन रुग्णालय असून भारतातील सर्वांत जुन्या अध्यापन रुग्णालयांमध्ये त्याची गणना होते. येथे सुमारे १,३५० खाटा आहेत. मुंबई शहराबरोबरच ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांतून, विशेषतः पेण, रोहा, अलिबाग, माणगाव, महाड अशा तालुक्यांतून, पुढील उपचारांसाठी पाठविलेले रुग्ण येथे येतात. रुग्णसेवा, वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन ही तिन्ही कार्ये एकाच आवारात चालविणे हे या संस्थेचे स्थापनेपासूनचे वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण देण्याचा पहिला संघटित प्रयत्न १८२६ मध्ये झाला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मुंबईत एतद्देशीयांसाठी एक वैद्यकीय शाळा काढण्यात आली. तिचे प्रमुख डॉ. जॉन मॅक्लेनन होते. या शाळेतील शिक्षण देशी भाषांतून दिले जाई आणि त्यासाठी काही इंग्रजी वैद्यकीय ग्रंथांची मराठीत भाषांतरेही करण्यात आली. मात्र १८३२ मध्ये शाळा बंद करण्यात आली.

१८३५ मध्ये कलकत्ता आणि मद्रास येथे वैद्यकीय शिक्षणाच्या नव्या संस्था उभ्या राहिल्या. त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर म्हणून सर रॉबर्ट ग्रँट यांची नेमणूक झाली. मुंबईतही असे महाविद्यालय असावे, असा त्यांचा आग्रह होता. जुनी शाळा बंद का पडली याची चौकशी त्यांनी करविली आणि १८३७ मध्ये नव्या महाविद्यालयाची योजना पुढे आणली. जुलै १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे ग्रँट यांचे निधन झाले. त्यानंतर मुंबईतील नागरिकांनी सभा घेऊन त्यांच्या स्मरणार्थ निधी जमविला आणि नियोजित महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्याचे ठरविले. मुंबईतील ग्रँट रोड हा रस्ता आणि त्याच नावाचे रेल्वे स्थानक यांनाही त्यांचेच नाव आहे.

स्थापना

वैद्यकाचे शिक्षण केवळ व्याख्यानांतून देता येत नाही, त्यासाठी रुग्णांनी भरलेले रुग्णालय लागते, ही जाणीव या योजनेच्या मुळाशी होती. तत्कालीन मुंबईत युरोपीय लोकांसाठी स्वतंत्र रुग्णालय होते, परंतु सर्वसामान्य भारतीय रुग्णांसाठी पुरेशी सोय नव्हती. पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय (१७८३–१८५९) यांनी अशा रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि ईस्ट इंडिया कंपनीने त्यात आपला वाटा घातला. जमशेटजींची संपत्ती मुख्यतः चीनशी होणाऱ्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून उभी राहिली होती. १८४२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. हा किताब मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

रुग्णालयाची कोनशिला ३ जानेवारी १८४३ रोजी बसविण्यात आली आणि १५ मे १८४५ रोजी ते रुग्णांसाठी खुले झाले. त्याच वर्षी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे अध्यापन सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे पहिले प्राचार्य होते. डॉ. जॉन पीट आणि डॉ. हर्बर्ट जिरॉड हे आरंभीचे अन्य प्राध्यापक होत. मोरहेड यांचा भर रुग्णाच्या खाटेशेजारी दिल्या जाणाऱ्या शिक्षणावर होता. विद्यार्थ्याने रुग्णाची हकीकत स्वतः विचारावी, लक्षणे नोंदवावीत, उपचारांचा परिणाम पाहावा आणि रुग्ण दगावल्यास शवविच्छेदनातून निदानाची खातरजमा करावी, अशी ही पद्धत होती. या रुग्णालयातील निरीक्षणांवर आधारलेला भारतातील रोगांविषयीचा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

पहिले पदवीधर

महाविद्यालयाची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. तिच्यात आठ पदवीधर होते. मराठी, पारशी आणि गोव्याशी संबंधित ख्रिस्ती अशा वेगवेगळ्या समाजांतून ते आले होते. त्यांना ‘ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर’ अशी पदवी देण्यात आली, कारण मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर, १८५७ मध्ये झाली. १८६० मध्ये महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न झाले.

या पहिल्या तुकडीतील अनेकांचे कार्य वैद्यकापुरते मर्यादित राहिले नाही. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) यांनी मुंबईत गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला आणि कुष्ठरोगावर वनस्पतिजन्य तेलाचे प्रयोग केले. प्राच्यविद्या, पुराभिलेख आणि नाणकशास्त्र या क्षेत्रांतही त्यांनी मोलाचे संशोधन केले. मुंबईतील वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक होते. डॉ. लिस्बोआ यांनी वनस्पतिशास्त्रात काम केले.

शिक्षणाच्या भाषेचा प्रश्न

१८२६ची शाळा देशी भाषांतून शिकवीत असे. ग्रँट महाविद्यालयात मात्र इंग्रजी हे माध्यम ठरले. त्यामुळे तेथील पदवी जागतिक वैद्यकाशी जोडली गेली. त्याचबरोबर इंग्रजी शिक्षणाची संधी नसलेल्या विद्यार्थ्यांना वैद्यकाचे दार बंद झाले. जिल्ह्याजिल्ह्यांतील दवाखान्यांना माणसे हवी होती आणि पदवीधर मुंबईबाहेर जाण्यास फारसे उत्सुक नसत. या अडचणीवर उपाय म्हणून १८६० च्या दशकात महाविद्यालयात मराठी आणि गुजराती भाषांतून शिकविणारे वर्ग उघडण्यात आले. या वर्गांतून तयार झालेले वैद्यकीय साहाय्यक मोफसल भागातील सरकारी दवाखान्यांत नेमले जात. या वर्गांना शिकविणाऱ्यांपैकी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांनी मराठीत वैद्यकीय लेखन केले. ते वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. डॉ. रखमाबाई यांचे ते सावत्र वडील होत. पुढे देशी भाषांतील वैद्यकीय शिक्षणाचे काम पुणे आणि अहमदाबाद येथील शाळांकडे गेले.

पदवीचे शिक्षण इंग्रजीत आणि रुग्णाशी संवाद मराठीत ही विभागणी आजही कायम आहे. विद्यार्थी रोगाचे नाव इंग्रजीत शिकतो, परंतु ‘कळ येते’, ‘ठणकते’, ‘चमक मारते’, ‘जळजळते’ या वेदनांमधील फरक त्याला रुग्णाकडूनच समजून घ्यावा लागतो. या कारणाने रुग्णाची हकीकत घेणे हे अध्यापन रुग्णालयातील शिक्षणाचे पहिले कौशल्य मानले जाते.

स्त्रियांचा प्रवेश

पडदा, रूढी आणि संकोच यांमुळे अनेक स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासणी करून घेत नसत. स्त्री डॉक्टर नसणे हे त्यांच्या बाबतीत उपचारच नसण्यासारखे होते. १८८३ मध्ये अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी यासाठी निधी उभारण्यास सुरुवात केली. याच वर्षी ग्रँट महाविद्यालयाने स्त्रियांना प्रवेश दिला आणि इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची मुंबईत आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व मुलांसाठी उभारलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या तेही १८८३ हेच वर्ष होते.

संशोधन

डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे १८५८ मध्ये मुंबईत आले आणि महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या हेन्री ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील मूळ चित्रे त्यांनीच काढली होती. मुंबईत त्यांनी कुष्ठरोग आणि पायाला होणारा बुरशीजन्य रोग यांचा अभ्यास केला. १८७७ मध्ये दुष्काळामुळे मुंबईत आलेल्या लोकांमध्ये उलट-ज्वराची साथ पसरली, तेव्हा त्यांनी रुग्णांच्या रक्तात त्या रोगाचे मळसूत्री जंतू दाखवून दिले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे प्रथम ओळखले. ऑक्टोबरमध्ये शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि महाविद्यालयाच्या आवारातील फ्रामजी दिनशा पेटिट प्रयोगशाळेत अगदी अपुऱ्या जागेत त्यांनी काम सुरू केले. प्लेगच्या जंतूंची वाढ करून उष्णतेने ते मारायचे आणि त्यापासून लस तयार करायची, ही त्यांची पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगचा शिरकाव झाला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात हलविण्यात आली. १९२५ पासून ही संस्था हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. सर्पदंशावरील प्रतिविषाचे उत्पादन हे या संस्थेच्या परंपरेतील एक महत्त्वाचे कार्य आहे. फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग या चारही विषारी सापांचा वावर असलेल्या कोकणासाठी त्याचे महत्त्व विशेष आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर विशेषोपचारांचे स्वतंत्र विभाग विकसित झाले. डॉ. नोशीर वाडिया यांनी येथे मज्जाविकारशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला. डॉ. नोशीर अंतिया यांनी प्लास्टिक शस्त्रक्रिया विभागात कुष्ठरोगाने विकृत झालेले हात, पाय व चेहरा पूर्ववत करणाऱ्या शस्त्रक्रिया केल्या. समाजाने दूर लोटलेल्या रुग्णाला सर्वसाधारण रुग्णालयात दाखल करून घेण्याचा पायंडा या कामाने पडला. नेत्रविभागात डॉ. तात्याराव लहाने यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर केल्या. त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली.

१९८६ची ग्लिसरॉल दुर्घटना

जानेवारी १९८६ मध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या काही रुग्णांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ लागली. मेंदू किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलेले असल्याचे निष्पन्न झाले. या दुर्घटनेत १४ रुग्ण मरण पावले. चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला. आयोगाने औषध खरेदीची पद्धत, गुणवत्तेची तपासणी, अन्न व औषध प्रशासनाचा कारभार आणि राजकीय हस्तक्षेप या सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. सार्वजनिक रुग्णालयातील रुग्णाला औषध निवडण्याची मुभा नसते. रुग्णालय जे देईल ते तो विश्वासाने घेतो. त्यामुळे औषध भांडारातील एका बाटलीची तपासणी ही शस्त्रक्रियेइतकीच गंभीर जबाबदारी आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले. भारतातील औषध नियंत्रणाच्या चर्चेत लेंटिन आयोगाच्या अहवालाचा उल्लेख आजही केला जातो.

अध्यापन रुग्णालयाची रचना

जे.जे. रुग्णालय, सेंट जॉर्ज रुग्णालय, गोकुळदास तेजपाल (जी.टी.) रुग्णालय आणि कामा व आल्ब्लेस रुग्णालय ही चार रुग्णालये मिळून ‘सर ज.जी. समूह रुग्णालये’ म्हणून ओळखली जातात. महाविद्यालय पूर्वी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. सध्या ते नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे.

प्रत्येक विभाग ‘युनिट’मध्ये विभागलेला असतो. युनिटमध्ये प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व सहायक प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर आणि त्यांच्याबरोबर आंतरवासिता करणारे नवे डॉक्टर अशी उतरंड असते. युनिटचे बाह्यरुग्ण विभागाचे, शस्त्रक्रियेचे आणि आपत्कालीन रुग्ण दाखल करून घेण्याचे वार ठरलेले असतात. रुग्णाचा केसपेपर निघाल्यापासून त्याला घरी सोडेपर्यंतचे बरेचसे काम निवासी डॉक्टरांवर असते. साडेचार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केल्यानंतर शासकीय महाविद्यालयाच्या पदवीधरांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती बहुधा ग्रामीण भागातील शासकीय आरोग्य संस्थांमध्ये असते.

गरीब रुग्णांना औषधे, प्रवासखर्च किंवा शासकीय योजनांचा लाभ मिळवून देण्याचे काम समाजसेवा अधीक्षक पाहतात. शरीररचनाशास्त्राच्या शिक्षणासाठी लागणारी मृत शरीरे ‘मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियम, १९४९’ या कायद्याच्या चौकटीत मिळतात. पूर्वी प्रामुख्याने बेवारस मृतदेहांवर अवलंबून असलेल्या या शिक्षणाला आता स्वेच्छा देहदानाचीही साथ मिळत आहे.

पेण व रोहा तालुक्यांशी संबंध

रायगड जिल्हा (१९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा) मुंबईला लागून असला तरी मध्ये खाडी आणि बंदर असल्याने दोहोंतील दळणवळण दीर्घकाळ जलमार्गावर अवलंबून होते. पेणजवळील धरमतर आणि अलिबाग तालुक्यातील रेवस व मांडवा येथून बोटीने मुंबई गाठता येत असे. पुढे महामार्ग झाला आणि पनवेल–पेण–रोहा हा लोहमार्ग सुरू झाला. कोकण रेल्वेचा आरंभ रोहा येथूनच होतो. मार्च २०२० मध्ये मांडवा आणि मुंबई यांच्यामध्ये वाहने नेणारी रो-रो सेवाही सुरू झाली.

सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत रुग्णाचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. गावपातळीवर आशा कार्यकर्ती व उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यानंतर पेण किंवा रोहा येथील उपजिल्हा रुग्णालय, मग अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि शेवटी मुंबईचे अध्यापन रुग्णालय असा हा क्रम आहे. प्रत्येक टप्प्यावर रुग्णासोबत संदर्भ चिठ्ठी दिली जाते. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा या साखळीचा महत्त्वाचा दुवा आहे.

या भागातील काही आजार स्थानिक परिस्थितीशी निगडित आहेत. भातलावणीच्या हंगामात चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस आणि सर्पदंश यांचा धोका अधिक असतो. लेप्टोस्पायरोसिस बळावल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची गरज भासू शकते. मुंबई–गोवा महामार्गावर वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात अपघात होतात आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला मेंदूशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात वेळेत पोहोचविणे आवश्यक असते. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने असल्याने भाजण्याच्या व वायुबाधेच्या घटनांना तोंड देण्याची तयारी ठेवावी लागते.

रुग्णालयातील उपचार विनामूल्य किंवा अल्प दरात असले तरी मुंबईला जाण्याचा खर्च त्यात धरलेला नसतो. सोबतच्या नातेवाइकांची बुडालेली मजुरी, राहण्याची व जेवणाची अडचण आणि शहराचा अपरिचितपणा यांमुळे अनेक कुटुंबे, विशेषतः कातकरी समाजातील कुटुंबे, मुंबईला जाणे टाळतात किंवा उपचार अर्धवट सोडून परततात. ‘पुढे पाठविले’ अशी नोंद कागदावर होते, परंतु रुग्ण पुढे पोहोचतोच असे नाही. मोठ्या रुग्णालयाची उपयुक्तता त्याच्या खाटांच्या संख्येइतकीच अलीकडच्या लहान रुग्णालयांच्या क्षमतेवर अवलंबून असते.

मांडवा प्रकल्प

डॉ. अंतिया यांनी ही मर्यादा ओळखून १९७० च्या दशकात मुंबई बंदराच्या पलीकडे, अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात एक प्रयोग सुरू केला. तो पुढे ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या त्यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेमार्फत चालला. सुमारे ३० गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना क्षयरोग, कुष्ठरोग, जुलाब, गरोदरपण, बाळंतपण आणि लसीकरण यांविषयी प्रशिक्षण देण्यात आले. योग्य प्रशिक्षण मिळाल्यास गावातील स्त्रिया बहुतांश प्राथमिक आरोग्यसेवा समर्थपणे देऊ शकतात, असे या कामातून दिसून आले. स्थानिक सत्ताधारी गटांच्या विरोधामुळे प्रकल्प अखेरीस थांबला. मात्र २००५ नंतर देशभर नेमल्या गेलेल्या आशा कार्यकर्त्यांमागील विचार याच धाटणीचा होता.

ज्ञान नेहमी शहराकडूनच गावाकडे जाते असेही नाही. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. कोकणात प्राणघातक ठरणाऱ्या या दंशातील मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे मोठ्या प्रमाणात घटले आणि ही उपचारपद्धती इतर देशांतही स्वीकारली गेली. हे संशोधन महानगरातील अध्यापन रुग्णालयात नव्हे, तर तालुक्याच्या ठिकाणी रुग्णांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्यामुळे शक्य झाले.

रायगडमधील वैद्यकीय महाविद्यालय

अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून त्याची प्रवेशक्षमता १०० विद्यार्थ्यांची आहे. अलिबागचे जिल्हा रुग्णालय त्याला संलग्न आहे. महाविद्यालयाच्या कायमस्वरूपी संकुलासाठी अलिबागजवळील उसर येथील जागा निश्चित करण्यात आली आहे. पनवेल तालुक्यातील कामोठे येथेही खाजगी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे.

जिल्ह्यातच अध्यापन रुग्णालय असण्याचा अर्थ केवळ काही खाटा वाढणे असा नसतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी प्रत्येक विषयाचे अध्यापक, प्रयोगशाळा, रक्तपेढी आणि चोवीस तास चालणारा आपत्कालीन विभाग आवश्यक असतो. विद्यार्थी व निवासी डॉक्टर असल्याने रात्रीही वॉर्डात डॉक्टर उपलब्ध राहतात. मात्र अध्यापकांची पदे भरली जाणे आणि ते तेथे टिकणे ही याची पूर्वअट आहे. शिकलेला डॉक्टर मुंबईबाहेर जाण्यास तयार होत नाही, ही एकोणिसाव्या शतकातील अडचण वेगळ्या रूपात आजही शिल्लक आहे. पेण किंवा रोह्यातील रुग्णाला मुंबईची वाट किती वेळा धरावी लागेल, हे मुख्यतः या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहील.

हे सुद्धा पहा

जमशेटजी जीजीभॉय
भाऊ दाजी लाड
हाफकिन संस्था
कामा रुग्णालय
रायगड जिल्हा
पेण
रोहा